सरकत्या शिडीला स्टॅबिलायझर: निवड, जोडणी आणि शिडी उभी करण्याची रीत

मृगाआधी गच्चीची गळती बुजवायची, दसऱ्याआधी घराला रंग द्यायचा, उन्हाळ्यात टाकी धुवायची, सोलर पॅनलवरची धूळ पुसायची. मराठवाड्यात घरोघरी शिडी वर्षभर लागते. पूर्वी ती बांबूची असे, जुनी माणसं तिला निसणी म्हणत. आता गावच्या रंगाऱ्याकडेही अ‍ॅल्युमिनियमची दोन भागांची सरकती शिडी दिसते. दुकानात तिला एक्स्टेन्शन शिडी म्हणतात. तिच्यासोबत स्टॅबिलायझर नावाचा जोड मिळतो आणि दुकानदार सांगतो की हा लावला की शिडी पडत नाही. हे अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा आणि मगच शिडीवर पाय ठेवा.

१. आधी हे समजून घ्या: स्टॅबिलायझर काय करतो आणि काय करत नाही

भिंतीला टेकवलेली शिडी मुख्यतः दोन प्रकारे पडते. एक, वरचं टोक भिंतीवरून डावीकडे किंवा उजवीकडे सरकतं. दोन, खालचे पाय भिंतीपासून मागे घसरतात.

शिडीच्या दोन उभ्या दांड्यांमधलं अंतर जेमतेम सव्वा ते दीड फूट असतं. वर उभा असलेला माणूस ब्रश घेऊन बाजूला झुकला की सगळा भार एका दांड्यावर येतो, दुसरा दांडा भिंतीवरून उचलला जातो आणि शिडी फिरते. स्टॅबिलायझरचे दोन हात हेच टेकण्याचं अंतर सुमारे चार फुटांपर्यंत रुंद करतात. म्हणून वरचं टोक सहजासहजी फिरत नाही. शिवाय शिडी भिंतीपासून दहा-बारा इंच दूर राहते, त्यामुळे भिंतीवर हात चालवायला जागा मिळते आणि खिडकीच्या काचेवर शिडी टेकवावी लागत नाही.

पाय घसरण्यावर मात्र त्याचा इलाज नाही. शिडी भिंतीला जितक्या जोराने आडवं ढकलते, तितक्याच जोराने तिचे पाय उलट्या दिशेला, भिंतीपासून दूर ढकलले जातात. योग्य उतारावर लावलेल्या शिडीच्या टोकाजवळ ८० किलोचा माणूस उभा असेल, तर हा आडवा जोर सुमारे २० किलोचा असतो. तीच शिडी जास्त पसरट लावली, म्हणजे दोन फूट उंचीला एक फूट अंतर ठेवलं, तर तो ४० किलोच्या घरात जातो. हा जोर फक्त पायाखालच्या रबराची पकड थोपवते. धुळीने माखलेल्या शहाबादी फरशीवर ती पकड राहत नाही. म्हणून वरच्या टोकाची काळजी स्टॅबिलायझरवर सोपवा, पायांची काळजी तुम्हालाच घ्यायची आहे.

२. कोणता जोड घ्यायचा

बाजारात स्टॅबिलायझर या एकाच नावाने तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली वरच्या टोकाची. इंग्रजी यू आकाराची अ‍ॅल्युमिनियमची नळी, टोकांना रबरी टोप्या, आणि शिडीच्या पायरीला घट्ट बसणारे यू-बोल्ट किंवा खटके. हा लेख मुख्यतः हिच्याबद्दल आहे.

दुसरी बुडाची. खालच्या बाजूला लावायची आडवी रुंद पट्टी किंवा तिरके पाय. यामुळे बूड रुंद होतं आणि शिडी बाजूला कलंडत नाही. युरोपच्या ईएन १३१ या मानकात २०१८ पासून तीन मीटर किंवा त्याहून लांब टेकवायच्या शिड्यांना असं रुंद बूड असणं बंधनकारक आहे. त्यामुळे काही शिड्यांसोबत ही पट्टी आधीच येते. ती खोक्यात तशीच ठेवून देऊ नका, पहिल्याच दिवशी बसवा.

तिसरी उंची जुळवणारी. एक पाय वर आणि एक खाली, अशा उताराच्या जागेसाठी सरकणारे पाय. परसातली जमीन उंचसखल असेल किंवा एक पाय ओट्यावर आणि दुसरा खाली येत असेल, तर विटा रचण्यापेक्षा हीच वस्तू घ्या.

वरचा जोड घेताना चार गोष्टी तपासा. तुमच्या शिडीची पायरी गोल आहे, चौकोनी आहे की इंग्रजी डी आकाराची, ते बघा. यू-बोल्ट त्याच आकाराला बसणारा हवा, कारण गोल बोल्ट चौकोनी पायरीवर कितीही आवळला तरी फिरतो. हातांची रुंदी तुमच्या खिडकीपेक्षा जास्त हवी, दोन्ही बाजूंना किमान चार-चार इंच भक्कम भिंत मिळेल इतकी. टेकणाऱ्या टोप्या मऊ, रुंद आणि बदलता येणाऱ्या असाव्यात. आणि जोडाचं वजन विचारा. अ‍ॅल्युमिनियमचा जोड तीन-चार किलोचा असतो.

जालना, लातूर, संभाजीनगर, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतला फॅब्रिकेटर तुम्हाला तासाभरात लोखंडी चौकोनी पाइपाचा असाच जोड बनवून देईल. २५ मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला जवळपास दीड किलो भरतो. चार मीटर पाइप लागला तर सहा किलो वजन शिडीच्या शेंड्यावर चढलं. शिडी उभी करताना ते वजन ती मागे ओढतं. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. असा जोड बसवायला कारागीर शिडीच्या उभ्या दांड्याला भोकं पाडतो किंवा वेल्डिंग करतो. अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंगच्या उष्णतेने त्या ठिकाणी मऊ पडतं, आणि भोक पाडलेला दांडा नेमका तिथेच वाकतो. शिडीला भोक पाडू नका, वेल्डिंग लावू देऊ नका.

बांबूच्या शिडीला, घडीच्या घोड्याला आणि नळीत नळी सरकणाऱ्या टेलिस्कोपिक शिडीला हा जोड बसत नाही. टेलिस्कोपिक शिडीसाठी फक्त तिच्याच कंपनीने दिलेला जोड चालतो.

३. शिडीची लांबी आणि क्षमता

२४ फुटी सरकती शिडी २४ फूट उंच जात नाही. दोन्ही भाग एकमेकांवर किमान तीन फूट चढलेले राहिले पाहिजेत. म्हणजे हाती उरली २१ फूट, आणि तिरकी लावल्यावर उंची भरते वीस फुटांच्या आसपास. ३६ फुटांवरच्या शिड्यांना चार फूट चढ लागतो. चांगल्या शिडीत भाग पुरता निसटू नये म्हणून अडसर असतो. तो तुटलेला असेल तर ती शिडी बाजूला ठेवा.

आपल्याकडच्या एक मजली घराचा हिशोब साधारण असा: जोतं दोन फूट, मजला दहा फूट, वर तीन फुटांचा कठडा. कठड्याचा माथा पंधरा फुटांवर आला. गच्चीवर उतरायचं असेल तर शिडी टेकल्या जागेच्या वर आणखी तीन फूट हवी, म्हणजे अठरा फूट. इथे २४ फुटी शिडी बरोबर बसते, २० फुटी नाही.

क्षमता स्टिकरवर किलोत लिहिलेली असते, १०० पासून १५० पर्यंत. त्यात फक्त माणसाचं वजन धरू नका. माणूस ७५, दहा लिटर इमल्शनची भरलेली बादली १४, जोड ४, हत्यारं आणि पट्टा ३: झाले ९६. शंभर किलोच्या शिडीवर हा भार काठावरचा आहे. घरकामाला १५० किलोची शिडी घ्या. शिड्यांच्या सुरक्षेची भारतीय संहिता आयएस ३६९६ भाग २ ही आहे, १९९१ ची. कंत्राटदाराकडून काम करून घेत असाल तर तिचं नाव घेऊन विचारायला हरकत नाही.

४. जवळ काय काय हवं

जोडाच्या बोल्टच्या मापाचे दोन पाने (८ मिलिमीटर बोल्टला १३ नंबरचा पाना लागतो), न ढिलावणारे नायलॉक नट आणि रुंद वायसर, १० ते १२ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोर किमान ३० फूट, मोजपट्टी, ओळंबा, दीड-दोन इंच जाडीची सेंट्रिंगची फळी तीन फूट लांब, दोन लोखंडी खुंट आणि हातोडा, पुसायला कोरडं फडकं आणि तारेचा ब्रश, हनुवटीखाली पट्टा असलेलं हेल्मेट, पूर्ण बंद बूट, बादली अडकवायला आकडा, हत्यारांसाठी कमरेचा पट्टा. आणि एक माणूस. एकट्याने हे काम करू नका.

गुरांचा जुना कासरा बांधायला वापरू नका. जुना दोर, सुती असो की नायलॉनचा, बाहेरून धड दिसला तरी आतून कमजोर झालेला असू शकतो. दोर मध्येच पीळ उलगडून बघा. आत पांढरी भुकटी दिसली की तो दोर गुरांपुरताच.

५. जोडणी: शिडी जमिनीवर आडवी ठेवूनच

जोड नेहमी वरच्या, सरकणाऱ्या भागाला लागतो. खालच्या स्थिर भागाला लावला तर शिडी वाढवल्यावर तो निम्म्यावर राहतो आणि शेंडा पुन्हा दीड फुटाचाच टेकतो.

कितव्या पायरीला लावायचा, हे कामावर ठरतं. फक्त भिंतीवर काम असेल तर वरून दुसरी किंवा तिसरी पायरी, किंवा कंपनीच्या पत्रकात जी लिहिली असेल ती. गच्चीवर उतरायचं असेल तर जोड खाली घ्यावा लागतो. पायऱ्यांमध्ये साधारण एक फूट अंतर असतं. वर तीन फूट दांडे मोकळे हवेत, म्हणून वरून चौथ्या पायरीच्या आसपास.

हात भिंतीच्या बाजूला येतील अशा दिशेने जोड ठेवा. बहुतेक शिड्यांत सरकता भाग चढणाऱ्याच्या बाजूला आणि स्थिर भाग भिंतीच्या बाजूला असतो. शिडीवरच्या स्टिकरवर चित्र असतं, ते आधी बघा. शिडी उलटी लावली तर सरकता भाग पायरीवर अडवून धरणारे खटके नीट धरत नाहीत.

दोन्ही यू-बोल्ट आधी बोटाने आवळा. मग टोप्यांपासून शिडीच्या दांड्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. ते सारखं नसेल तर एक टोपी भिंतीला लागेल आणि दुसरी अर्धा इंच हवेत राहील. अंतर जुळलं की पान्याने आळीपाळीने आवळा, एकदा डावा, एकदा उजवा. हाताने जोड हलेनासा झाला की थांबा. पायरी पोकळ नळीची असते. जास्त आवळलं की ती दबते, आणि दबलेली पायरी माणसाचा भार घेत नाही.

आता जमिनीवरच शिडी पूर्ण वाढवून आणि पूर्ण मिटवून बघा. बोल्टची शेपटी लांब राहिली तर ती खालच्या भागाला घासते किंवा कप्पीच्या दोरात अडकते. हे वर चढल्यावर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. याच वेळी खटके, कप्पी, दोर, पायांचे रबर आणि प्रत्येक पायरीचा सांधा तपासा. पायरी दोन्ही हातांनी पिळून बघा, फिरली तर शिडी बाद.

६. भिंत तपासा

हात टेकतील त्या दोन जागा खालूनच नक्की करा. जमेल तिथे खिडकीतून किंवा गच्चीवरून वाकून हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे. ओल येऊन फुगलेला गिलावा टोपीखाली चुरा होतो आणि त्या चुऱ्यावरून टोपी घसरते.

दगड-मातीच्या जुन्या घरांत जास्त जपायचं. या जाड भिंतींचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात. त्यांना जोडणारे आरपार दगड नसतील तर बाहेरचा थर हळूहळू फुगून सुटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंती कोसळल्या. बाहेरून पोट आलेल्या भिंतीला शिडी टेकवू नका. माळवदाच्या कडेला, मातीच्या कठड्याला किंवा पन्हाळीला तर नाहीच.

सिमेंटच्या पत्र्यावर शिडी किंवा टोपी टेकवायची नाही. तो न वाकता एकदम फुटतो. टिनपत्र्याच्या घरात टोप्या पत्र्याखालच्या भिंतीवर घ्या. पत्र्याची कड कापरी असते, दोर तिच्यावरून जात असेल तर मध्ये जाड गोणपाट ठेवा.

छज्ज्याचा हिशोब आधीच करा. खिडकीवरचा छज्जा दीड फूट बाहेर असतो आणि जोड शिडीला एकच फूट दूर ठेवतो. टेकण्याच्या जागेपासून छज्जा नऊ फूट खाली असेल तर तिथे शिडी भिंतीपासून सव्वातीन फूट दूर असते, अडचण नाही. पण छज्जा टेकण्याच्या जागेच्या फक्त दोन फूट खाली असेल, तर शिडी तिथे दीड फुटावर येते, म्हणजे छज्ज्याला चिकटते. मग टोप्या भिंतीवर आणि दांडे छज्ज्यावर, असा भार वाटला जातो आणि चढताना शिडी डुलते. अशा ठिकाणी जागा बाजूला घ्या.

७. विजेच्या तारा

इथे घाई केली तर दुसरी संधी मिळत नाही. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर बऱ्याच गावांत कठड्याला लागूनच गेलेली असते, उन्हाने तिचं वरचं आवरण फाटलेलं असतं. शेजाऱ्याने टाकलेला आकडा तर उघड्या तारेचाच असतो.

शिडी, तुम्ही आणि हातातली वस्तू, यांपैकी कशातही आणि तारेत किमान दहा फूट अंतर हवं. जोड लावल्यावर शिडीचा शेंडा दोन्हीकडे सव्वा-सव्वा फूट रुंद झालेला असतो, अंतर त्या टोकापासून मोजा. उभी करताना शिडी हातातून सुटली तर ती पूर्ण लांबीएवढ्या परिघात कुठेही पडू शकते. त्या परिघात तार असेल तर जागा बदला.

काही जण वीज वाहत नाही म्हणून फायबरची शिडी घेतात आणि तिच्या शेंड्याला अ‍ॅल्युमिनियमचा जोड लावतात. तारेच्या सगळ्यात जवळ जाणारा भागच धातूचा झाला. फायबरची शिडी वापरण्याचं कारण वीज हेच असेल तर हा जोड लावू नका.

तारेजवळच काम करायचं असेल तर महावितरणच्या कार्यालयात सांगून लाइन बंद करून घ्या. विजेच्या तक्रारीचा क्रमांक १९१२ आहे. स्वतः खांबावरचा फ्यूज काढायला जाऊ नका. शिडीवरच्या माणसाला शॉक लागलाच तर शिडीला हात लावू नका, आधी वीज बंद करवा.

८. पायाखालची जमीन

काळी माती उन्हाळ्यात तडकते आणि पावसात फुगते. दोन्ही वेळा ती शिडीला धार्जिणी नाही. वरून टणक दिसणाऱ्या ढेपळाखाली भेग असते. माणूस निम्म्यावर पोचला की एक पाय दोन इंच आत जातो, आणि खालचे दोन इंच शेंड्यावर फूटभर किंवा त्याहून जास्त होतात. अशा जमिनीवर फळी ठेवा, दोन्ही पाय एकाच फळीवर घ्या. फळीवर पायांच्या मागे आडवी पट्टी ठोकलेली असावी, म्हणजे पाय मागे जाणार नाहीत. फळीच्या मागे दोन खुंट किमान दीड फूट आत ठोका. खुंट सहज आत गेला तर जमीन ओली आहे, त्या दिवशी काम पुढे ढकला.

शहाबादी फरशी आणि कोटा आधी झाडून, मग ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण कोरडी होऊ द्या. शिडीच्या पायांचे रबरही तारेच्या ब्रशने घासा. रबरावर रंगाचा किंवा चुन्याचा थर बसला की ते प्लास्टिकसारखं गुळगुळीत होतं. सारवलेल्या अंगणात वरचा शेणाचा पापुद्रा सुटून घसरतो, तिथे थेट फळी टाका. पोतं, पुठ्ठा, जुनी चटई पायाखाली ठेवण्याची सवय मोडा. ते सगळं शिडीसकट सरकतं.

एक पाय उंच करायला वीट किंवा दगड लावू नका. खालचा कोपरा खणून दुसरा पाय खाली घ्या, नाहीतर सरकणारे पाय लावा.

९. शिडी उभी करणं आणि उतार मोजणं

शिडी मिटलेली ठेवूनच उभी करा. पाय भिंतीच्या बुडाला टेकवा, जोडाचे हात वरच्या दिशेला असू द्या. शेंड्याकडून एक जण पायरी-पायरीने हात सरकवत भिंतीकडे चालत या, दुसऱ्याने बुडाच्या पायरीवर पाय देऊन दाबून ठेवा. वर छज्जा आडवा येत असेल तर भिंतीपासून दूर उभी करा. तिथे बूड धरणारा माणूस आणखीच महत्त्वाचा. मग दोर ओढून हवी तेवढी वाढवा. दोन्ही खटके बसल्याचा आवाज ऐका आणि डोळ्यांनीही बघा. एकच खटका बसलेली शिडी वरवर नीट दिसते. उरलेला दोर दोन्ही भागांच्या पायऱ्यांना मिळून बांधून टाका.

पुढची चूक सर्रास होते. चार फूट उंचीला एक फूट अंतर, हा नियम बऱ्याच जणांना माहीत असतो. पण तो शिडीच्या दांड्याचा आहे. जोड लावल्यावर दांडा भिंतीला टेकतच नाही, तो फूटभर आधीच थांबतो. म्हणून पाय भिंतीपासून किती दूर ठेवायचे, याचा हिशोब असा: टेकण्याची उंची भागिले चार, अधिक जोडाची खोली.

जोड एक फूट खोल असेल तर १२ फुटांवर टेकणाऱ्या शिडीचे पाय भिंतीपासून ४ फूट, १६ फुटांना ५ फूट, २० फुटांना ६ फूट. सोळा फुटांना जुन्या सवयीने चारच फूट ठेवलं, तर दांडा फक्त तीन फुटांत सोळा फूट चढतो. इतकी उभी शिडी वर पोचल्यावर मागे येऊ लागते, आणि दोन्ही टोप्या भिंतीवरून सुटतात. स्टॅबिलायझर लावूनही माणूस मागे पडला, असं ऐकू आलं तर पहिला संशय इथेच घ्या.

मोजपट्टी नसेल तर शिडीच्या पायांना बुटांची टोकं लावून ताठ उभे राहा आणि हात खांद्यासमोर सरळ करा. तळवे पायरीला पोचले की उतार बरोबर आहे. ही खूण दांड्यावरच मोजली जाते, म्हणून जोड असला तरी चालते. शिडी डावी-उजवीकडे झुकलेली नाही ना, हे ओळंब्याने बघा. शेवटी दोन्ही टोप्या भिंतीला पूर्ण लागल्या आहेत की नाही ते मागे जाऊन, दोन्ही बाजूंनी बघा.

१०. बांधणं

आधी बूड बांधा. खालच्या दुसऱ्या पायरीच्या पातळीवर दोन्ही दांड्यांना दोर घालून तो भिंतीकडच्या भक्कम वस्तूला ताणून बांधा. ओट्याचा खांब, कॉलम किंवा पक्का ठोकलेला खुंट चालेल. खिडकीचं गज, नळाचा पाइप, दाराची कडी चालणार नाही. इथे दोर ताणलेला असला की पाय मागे जाऊच शकत नाहीत.

मग सहकाऱ्याने बूड दाबून धरलेलं असताना एकदाच वर जाऊन शेंडा बांधा. दोर पायरीला नाही, उभ्या दांड्याला घ्या. जोडाच्या हाताला बांधू नका, तो हात ओढ सहन करायला बनवलेला नसतो. गच्चीत कॉलमच्या सळया वर ठेवलेल्या असतील तर त्या चांगल्या. रिकामी सिंटेक्स टाकी अजिबात नको, ती वाऱ्यानेही हलते. सरकगाठ मारू नका. दोन वेढे आणि वर दोन अर्ध्या गाठी पुरतात.

शिडी सोळा फुटांपेक्षा उंच असेल तर खाली धरून उभा असलेला माणूस शेंडा घसरणं थांबवू शकत नाही. त्याचं काम बूड दाबणं आणि आजूबाजूची पोरं, कोंबड्या, मोटारसायकली लांब ठेवणं एवढंच.

११. चढणं आणि काम करणं

तोंड शिडीकडे, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात कायम शिडीवर. हातात काही घेऊन चढू नका. बादली दोराने वर ओढून आकड्याला अडकवा. बेंबी दोन्ही दांड्यांच्या मध्येच राहिली पाहिजे. जोडामुळे शेंडा स्थिर वाटतो आणि हाच भरवसा माणसाला बाजूला झुकायला लावतो. हात पोचत नसेल तर उतरा, शिडी सरकवा, पुन्हा बांधा. रंगाऱ्यांना हे नकोसं वाटतं, कारण एका भिंतीला सात-आठ वेळा चढउतार होते. ती वेळ कामाच्या हिशोबात आधीच धरा.

जोड जिथे टेकला आहे त्याच्या वरच्या पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. टेकूच्या वर भार गेला की शिडी तराजूच्या दांडीसारखी होते, शेंडा भिंतीकडे जातो आणि बूड उचललं जातं. गच्चीवर उतरताना वरचे तीन फूट दांडे फक्त हाताने धरायला आहेत. पाय टेकूच्या पातळीवर आल्यावर बाजूने कठड्यावर जा, दांड्यांच्या मधून वाकून जाऊ नका. फक्त भिंतीचं काम असेल तर सगळ्यात वरच्या तीन पायऱ्या तशाही वर्ज्य समजा.

एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. दुपारी अ‍ॅल्युमिनियमचा दांडा हाताला चटका देतो आणि हात आपोआप सुटतो. काम सकाळी दहाच्या आत उरका किंवा पातळ, पकड असलेले हातमोजे घाला. उन्हात घेरी येते, म्हणून उपाशीपोटी वर जाऊ नका. वळवाच्या पावसाआधी वावटळ उठते. क्षितिजावर धूळ दिसली की खाली या आणि शिडी आडवी करा, बांधलेली असली तरी.

कोणी पडलंच तर त्याला उचलून बसवू नका. मान आणि पाठ न हलवता आहे तसं झोपू द्या आणि १०८ ला फोन लावा.

१२. काम संपल्यावर

आधी वरची बादली आणि हत्यारं खाली घ्या. राहिलेला हातोडा शिडी हलवताना थेट डोक्यावर येतो. शेंड्याचा दोर सोडून उतरा, मग बुडाचा सोडा, मग शिडी मिटवा आणि दोघांनी मिळून आडवी करा. शेजारच्या भिंतीकडे न्यायची असेल तर ती वाढवलेली ठेवून उभ्या-उभ्या सरकवू नका. शेंड्यावरच्या जोडामुळे तोल वरच्या बाजूला असतो आणि एकदा कललेली शिडी हाताने आवरत नाही.

जोड शिडीवर कायमचा ठेवला तरी चालतो, मात्र प्रत्येक वापराआधी दोन्ही नट पान्याने तपासायचे. रबरी टोप्या आणि पाय उन्हाने कडक होतात. नख रुतत नसेल किंवा बारीक चिरा दिसत असतील तर बदला. शिडी उन्हात भिंतीला उभी ठेवू नका, पडवीत दोन खुंट्यांवर आडवी टांगा. नायलॉक नट चार-पाच वेळा काढघाल झाली की आतली नायलॉनची कडी झिजते. नवा नट दोन-चार रुपयांना मिळतो, दर दसऱ्याला जोडी बदलून टाका.